आधी मॅम वाचतात

जूनमध्ये शाळा उघडली की आम्ही पालकांना एक कागद वाटतो. पहिल्या सत्रात तिसरीची मुलं काय काय शिकणार, ते त्यात विषयवार छापलेलं असतं. हिंदीत आठ धडे, इंग्रजीत वार, महिने आणि शाळेवर पाच वाक्यं, गणितात हातच्याची बेरीज-वजाबाकी आणि पंधरापर्यंत पाढे, पर्यावरणात पाणी, शेजार आणि कचरा. इंदूरच्या मुलांना कचरा वेगळा शिकवायची खरं तर गरजच नसते, बोलायला लागायच्या आधीपासून ती कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकून डबा घेऊन दारात पळतात. तरी धडा असतो आणि मी तो शिकवते. सत्र संपलं की याच यादीचं एक जाडजूड रजिस्टर भरायचं. प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याला काय काय येऊ लागलं, त्याच्या बरोबरच्या खुणा करायच्या. 'सरल वाक्य पढ़ लेता है.' खूण. 'अपने आसपास के बारे में बता लेता है.' खूण. बावीस वर्षं या खुणा करताना माझा हात कधी अडला नाही.

शाळा आमची छोटी, खाजगी, स्टेशनच्या बाजूच्या एका गल्लीतली. पाटीवर इंग्लिश मीडियम लिहिलंय आणि आत कामकाज निम्मं हिंदीत चालतं. वर्गात चाळीसेक मुलं, त्यांत मराठी घरची दोन किंवा तीन. ती मला लगेच ओळखू येतात, कारण ती 'पाणी'तला ण नीट म्हणतात. हा माझा पक्षपात आहे आणि तो मी कधी लपवला नाही. मुळात मी परवच्यावर वाढलेली मुलगी. दिवेलागणीला देवापुढे बसून पाढे, वार, महिने, तिथी, नक्षत्रं, सगळं एका दमात म्हणायचं, आणि मध्ये अडखळलं की वडिलांची टपली ठरलेली. आमचे पूर्वज इंदूर संस्थानच्या दफ्तरात होते, त्यामुळे टपलीसुद्धा शिस्तीत बसायची. खणखणीत आवाजात न चुकता म्हणणारं मूल म्हणजे हुशार मूल, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून घट्ट बसलेलं.

यंदा तिसरीत तशीच एक मुलगी आली. स्नेहलतागंजातली, शाळेपासून चालत दहा मिनिटांवर राहणारी. वडील सिमरोलच्या इंजिनियरिंगच्या कॅम्पसमध्ये मेसचं सामान बघतात, सकाळी सातच्या बसने जातात ते अंधार पडल्यावर येतात. आई एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर. घरी आजोबा. त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, हे ते पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. आजोबा रोज संध्याकाळी नातीकडून परवचा म्हणवून घेत. पहिल्याच आठवड्यात मी वर्गात पाढे विचारले तेव्हा तिने पंधरावर न थांबता एकोणतीसपर्यंत मजल मारली आणि वर पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, तीसुद्धा म्हणून दाखवली. पावकी-निमकी आता कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत. माझ्या अंगावर काटा आला. मी तिथल्या तिथे तिला वर्गाची लीडर केलं.

लीडर काय करते, ते सांगायला हवं. नवा धडा आला की आधी मी मोठ्याने वाचते, मुलं ऐकतात. मग मी एकेक ओळ म्हणते, मुलं माझ्यामागून म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून माझ्या जागी लीडर पुस्तक घेऊन उभी राहते, ती म्हणेल तसं बाकीचे म्हणतात आणि मी वह्या तपासते. चाळीस मुलांत हा मोठा आधार असतो. ही मुलगी एकही अक्षर न गाळता म्हणायची, विरामचिन्हांवर थांबायची, प्रश्नाला आवाज चढवायची. हिंदीचे आठही धडे, पर्यावरणातली प्रश्नोत्तरं, इंग्रजीची पाच वाक्यं, सगळं. शेजारच्या वर्गातल्या मॅडम दारात येऊन कौतुकाने बघून जायच्या. मीच हे मूल घडवलंय, अशा थाटात मी त्यांच्याकडे बघायचे.

राखीच्या आसपास तिची आई मला भेटायला आली. लॅबमधून अर्ध्या तासाची सुट्टी काढून आली होती, गळ्यातलं ओळखपत्रही काढलं नव्हतं. तिने भीत भीत सांगितलं की घरी दुसरं एखादं पुस्तक हातात दिलं की मुलगी बहाणे करते, पोट दुखतं म्हणते, पाणी प्यायला उठते ती परत येतच नाही.

"मॅडम, हिला वाचता येतं ना बरोबर?"

मी चक्क हसले. म्हटलं, अहो ताई, ती तर पूर्ण वर्गाला वाचायला शिकवते, तुम्ही बिलकुल टेन्शन घेऊ नका. आई आणखी काही बोलणार होती, पण मी घड्याळाकडे पाहिलं. ती "सॉरी, मॅडम" म्हणून गेली. सॉरी कशाबद्दल, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

लिहिण्यात ती कच्ची होती, नाही असं नाही. फळ्यावरून उतरवून घेतलेलं अक्षर सुबक असायचं, पण पेपरात मात्र अक्षरं एकमेकांत मिसळलेली, मात्रा भलतीकडे, अर्धे शब्द गायब. तिसरीचा पेपर आम्हीच मोठ्याने वाचून दाखवतो, मग मुलं लिहितात. तिचा पेपर तपासताना मला राग यायचा. एवढं येत असून हा गबाळेपणा. मी तिला टेबलापाशी बोलवायचे, तेच प्रश्न तोंडी विचारायचे, ती धडाधड उत्तरं द्यायची आणि मी पूर्ण मार्क द्यायचे. वर लाल पेनाने शेरा मारायचे: घाई करते. त्या सत्रात हा शेरा मी किती वेळा लिहिला असेन, ते त्या पेपरांनाच माहीत.

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत पालकांचा दिवस असतो. सत्रात शिकलेलं सगळं मुलांनी पालकांना करून दाखवायचं. आमच्या वर्गाने कचरा घेतला होता. हिंदीतून भाषण, इंग्रजीतून घोषणा, गणितातून घरच्या कचऱ्याचं वजन, आणि शेवटी प्रत्यक्ष वर्गीकरण. ते करणार अर्थातच माझी लीडर. मी तिला स्वच्छता कॅप्टनचा बिल्लाही दिला होता. डब्यांसाठी किराण्याच्या दुकानातून चार खोके आणले. त्यांना रंग द्यायचा होता, पण हिरवा आणि निळा रंग चौथीवाल्यांनी आधीच संपवला होता. मग मी पांढऱ्या कागदांवर जाड अक्षरांत गीला, सूखा, प्लास्टिक, घातक असं लिहिलं आणि एकेक कागद एकेका खोक्यावर चिकटवला. दोन दिवस सराव झाला. ती केळ्याचं साल उचलायची, भाषण म्हणायची आणि बरोबर खोक्यात टाकायची. एकदाही चुकली नाही.

शनिवारी सकाळी झाडू मारताना शाळेच्या मावशींनी खोके उचलले आणि परत ठेवताना त्यांचा क्रम बदलला. कुणाच्या लक्षातही येणार नाही इतकी साधी गोष्ट.

वर्ग पालकांनी भरला. तिची आई मागे खिडकीपाशी उभी होती, मोबाइल वर धरून. मुलीने बोलायला सुरुवात केली, तोच खणखणीत आवाज. केळ्याचं साल हातात धरून तिने ते कुजतं, त्याचं खत होतं, हे सगळं सांगितलं आणि ते 'घातक'मध्ये टाकलं. मग जुना सेल उचलला, तो का धोकादायक असतो ते सांगितलं आणि 'गीला'मध्ये टाकला. आधी मुलं हसली. मग मोठी माणसं हसली. पुढच्या बाकापाशी बसलेले कुणाचे तरी वडील प्रेमानेच म्हणाले, "बेटा, पढ़ के डालो ना."

ती थांबली. खोक्यांकडे तिने बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मी दातओठ खाऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वाच की. एवढं मोठं लिहिलंय, डोळे फुटले का?"

ती माझ्याकडेच बघत राहिली, अगदी माझ्या तोंडाकडे. मला वाटलं, उद्धटपणा करते आहे, ऐन वेळी माझी फजिती करते आहे. मी पुढे झाले, तिच्या फ्रॉकवरचा बिल्ला काढला आणि शेजारच्या मुलाला लावला. त्याने पटापट वाचून सगळं बरोबर टाकलं, टाळ्या पडल्या. मागे पाहिलं तेव्हा आईने मोबाइल खाली घेतला होता. कार्यक्रम संपल्यावर मायलेकी मला न भेटताच गेल्या.

रविवारभर माझी चिडचिड चालली होती. भांडी आपटून झाली, नवऱ्याशी विनाकारण वाद घालून झाला. पण ती माझ्या तोंडाकडे का बघत होती, हे काही डोक्यातून जाईना.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी तिला वर्गात थांबवलं. तिसरा धडा काढ म्हटलं. तिने पान काढलं, चित्रावरून काढलं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, आणि ती म्हणू लागली. सुंदर म्हणत होती. बोट ओळीवर ठेव, म्हटलं. तिचा आवाज पहिला परिच्छेद संपवून पुढे गेला तरी बोट दुसऱ्याच ओळीवर फिरत होतं. मग मी पुढच्या सत्रातला धडा उघडला, जो अजून वर्गात घेतला नव्हता. चार शब्दांचं पहिलं वाक्य होतं. ती पानाकडे बघत बसली. बाहेर मुलांचा गोंगाट चालू होता. मी तेवढ्यात दोनदा घड्याळ पाहिलं असेल.

मग ती हळूच म्हणाली, "मॅम, तुम्ही एक बार वाचा ना. मग मी वाचते."

मी तिला विचारलं, म्हणजे आजपर्यंत तू असंच करायचीस? तिला प्रश्न कळला नाही. तिच्या लेखी वाचणं म्हणजे हेच होतं. "तुम्ही वाचता तेव्हा मी ध्यान देऊन ऐकते," ती म्हणाली. "बाकीचे बातें करतात, मॅम. मी नाही करत." तिला वाटलं, मी तिच्यावर लक्ष न देण्याचा आरोप करते आहे. खरं तर माझ्या बावीस वर्षांत माझं बोलणं इतकं मन लावून कुणीही ऐकलं नसेल. आणि खोके? ते तिने जागेवरून लक्षात ठेवले होते.

त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. जायच्या आधी मोठ्या मॅडमना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, सांगितलं. त्या म्हणाल्या, रजिस्टर भरून झालंय, प्रगतिपत्रकंही छापून आली आहेत, आता कशाला उकरून काढता, पाचवीला अजून दोन वर्षं आहेत. त्यांचं हेच वाक्य मला झोंबलं. पाचवीला आमच्याकडे बोर्डाचा पेपर असतो. प्रश्न मोठ्याने वाचून दाखवायला तिथे मी नसणार. छापील कागद तिच्या समोर असेल आणि ती कुणाच्या तरी तोंडाकडे बघत बसेल.

दार आजोबांनी उघडलं. त्यांनी खुर्ची दिली, फौजेचं सांगितलं, चहा ठेवायला लावला. मी विषय काढला तेव्हा ते आधी हसले आणि मग संतापले. त्यांनी नातीला हाक मारली, समोर उभं केलं आणि एकोणतीसचा पाढा म्हणायला सांगितला. तिने म्हटला. मग नक्षत्रं, मग निमकी. मी मध्ये बोलायला हवं होतं, पण मी ऐकत बसले. खरं सांगते, तेव्हाही मला ते ऐकायला आवडत होतं.

"ही पोरगी ढ आहे म्हणता तुम्ही?" आजोबा म्हणाले.

मी म्हटलं, ढ नाही, आजोबा, वर्गात सगळ्यांत जास्त लक्षात राहतं ते हिलाच, पण तिला अक्षरं लागत नाहीत, आणि हे मला जुलैतच कळायला हवं होतं. आजोबा उठून आत गेले. त्यांना राग माझा आला की अपमान वाटला, मला नक्की सांगता येणार नाही. आई इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मुलीला तिने खाली खेळायला पाठवलं आणि मग ती बोलली. आवाज अजिबात चढवला नाही.

"मी विचारलं होतं तुम्हाला, मॅडम. तुम्ही हसला होतात."

मी माफी मागितली. तिने मान हलवली, पण ती माफ केल्याची होती असं मला वाटत नाही. आईला तिथे आणखी एक गोष्ट सांगायची होती. शनिवारी घरी आल्यावर मुलीने तिला विचारलं होतं की मॅमने खोके का बदलले.

प्रगतिपत्रकावर मी वाचनाची खूण खोडली आणि शेजारी स्वतःच्या अक्षरात खरं काय ते लिहिलं. मोठ्या मॅडम त्यावर अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. मुलीची एका ठिकाणी तपासणी झाली, आणखी व्हायची आहे, तिच्या या अडचणीला नाव काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. तिथल्या बाईंनी मला एकच काम सांगितलं. तिच्यासमोर धडा आधी वाचायचा नाही. तिला आधी एकेका अक्षराशी झगडू द्यायचं, कितीही वेळ लागला तरी मध्ये पडायचं नाही.

सांगायला सोपं आहे. दुसऱ्या सत्राच्या पहिल्याच दिवशी मी वर्गाला सांगितलं, आजपासून धडा मी आधी वाचणार नाही. बाकीच्यांना त्याचं काही वाटलं नाही. ती मात्र पुस्तक उघडायच्या आधीच माझ्याकडे बघायला लागली. मी ओठ घट्ट मिटून बसले. आता रोज मधल्या सुट्टीत ती आणि मी वीस मिनिटं बसतो. मी अक्षरांचे तुकडे मांडते, ती ते जोडते. एका दिवसात दोन शब्द झाले तर तो चांगला दिवस. घरीही आईने परवच्याची वेळ बदलून अक्षरांना दिली आहे. आजोबा त्या वेळेला फिरायला निघून जातात.

वर्गात ती आता लीडर नाही. ते मी काढून घेतलं नाही, तिनेच एक दिवस येऊन सांगितलं की दुसऱ्या कुणाला तरी द्या. हात वर करणंही बंद झालंय. पाण्याच्या धड्यात मी एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर तिला येत होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण ती बोलली नाही. एका मुलाने चुकीचं उत्तर दिलं आणि तिने मान खाली घातली. हे सगळं मी तिच्या भल्यासाठी करते आहे, असं मी स्वतःला दिवसातून चारदा सांगते, आणि चारही वेळा मला ते पुरत नाही.

परवाची गोष्ट. 'घ'वर आम्ही पंधरा मिनिटं घालवली होती. 'घर' झालं, 'घड़ी' होईना. तिचे डोळे भरून आले. मला राहवलं नाही. म्हटलं, जाऊ दे आज, चल, एकोणतीसचा पाढा म्हण बघू. मला वाटलं, खूश होईल. तिने सुरुवात केली, एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, आणि ती थांबली. एकोणतीसवर ती आयुष्यात पहिल्यांदा थांबली असेल. मी म्हटलं, काय झालं, विसरलीस?

"नाही. याद आहे," ती म्हणाली. मग टेबलावरच्या उघड्या रजिस्टरकडे बोट दाखवून तिने विचारलं, "मॅम, हे मला येतं असं समजायचं, की हे पण नाही येत?"

येतं, मी म्हणाले, हे तुला येतं. पण ती पाढ्याकडे परत वळली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी पुढे आणखी काही सांगते का म्हणून.